एक काना जास्त

"'मी सावकाश गाडी चालवत होतो.' होतो? बाई, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

पाहुण्यानं कागद टेबलावर ठेवून त्या शब्दावर बोट टेकवलं.

"मीच लिहिलंय," ती म्हणाली.

"मग 'होते' हवं ना?"

दाराशी उभा असलेला तिचा नवरा खाकरला. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर चेहऱ्यावरूनच सगळं कळलं असतं.

विमा कंपनीचं पत्र येऊन आठवडा झाला होता. अपघातग्रस्त गाडीचा क्लेम नामंजूर. जबाब देणारी व्यक्ती आणि प्रत्यक्ष गाडी चालवणारी व्यक्ती एकच नसावी अशी शंका आहे, असं त्यात छापलं होतं. नवऱ्यानं फोनवर आकाशपाताळ एक केलं, तेव्हा तिकडून उत्तर मिळालं की चौकशीला माणूस येईल. आज दुपारी बेल वाजली, "गाडीच्या अपघाताची चौकशी करायचीय," असं हा गृहस्थ म्हणाला आणि दोघांनी त्याला आत घेऊन चांगली खुर्ची दिली.

चोराच्या मनात चांदणं, आणि या घरात तर चोरी होतीच. त्या संध्याकाळी गाडी तिनं चालवली नव्हती. ती घरी भूगोलाच्या पुस्तकाची प्रुफं वाचत बसली होती. नवरा आला तो पांढराफटक पडून. वळणावर खांबावर आदळली, म्हणाला. पुढचा दिवा फुटला होता, काचेला तडा गेला होता. त्याच्या लायसन्सची मुदत संपून दोन महिने झाले होते.

"तुझं लायसन्स आहे ना? मग झालं तर," तो म्हणाला होता. "तू होतीस म्हणून सांगू. कुणाचं काय जातंय?"

कच्चा जबाब त्यानंच लिहिला. सगळीकडे आठवणीनं 'निघाले', 'वळले', 'घाबरले' केलं आणि एका ठिकाणी स्वतःच उरला. तिनं ते जसंच्या तसं उतरवलं. एकोणीस वर्षं लोकांचे काना-मात्रा पकडून पोट भरणाऱ्या बाईला स्वतःच्या जबाबातला एक जास्तीचा काना दिसला नाही! पण छापखान्यात पहिल्या दिवशी तिला हेच शिकवलं होतं, की मूळ प्रतीला हात लावायचा नाही. डोळे शब्दावर, हात कागदावर, डोकं बाजूला.

तेच तिनं आता पाहुण्याला सांगितलं, थोडं फिरवून.

"हात थरथरत होता माझा. म्हणून यांनी लिहून दिलं आणि मी बघून उतरवलं. आमच्या कामाची सवयच तशी. समोर आहे ते उतरवायचं."

"प्रुफं तपासता तुम्ही?"

"हो."

"मग तर कमालच झाली," पाहुणा म्हणाला, पण हसला नाही. "गाडीत आणखी कोण होतं?"

"कुणी नाही."

"हे कुठे होते?"

"मी घरीच होतो," नवरा मध्येच म्हणाला. "डोकं दुखत होतं. पडून होतो."

"धडक बसल्यावर थांबलात, बाई?"

खोटा जबाब दिला म्हणून माणसाला तुरुंगात टाकतात का, हे तिनं तीन रात्री नवऱ्याला विचारलं होतं आणि त्यानं तीनही वेळा तिला वेड्यात काढलं होतं. आता माघार घेतली तर दोघंही खोटे ठरणार. पढवलं होतं तेच तिनं पुन्हा म्हटलं.

"नाही थांबले. घाबरले होते. तशीच घरी आले."

पाहुण्यानं पिशवीतून कोरा कागद काढला. "मग एवढं लिहून द्या. या वेळी कुणाचं बघून नको."

तिनं लिहिलं. त्या संध्याकाळी गाडी मीच चालवत होते. गाडीत दुसरं कुणी नव्हतं. धडक बसल्यावर मी थांबले नाही. 'होते'मधली मात्रा तिनं दोनदा तपासली. खाली सही केली. साक्षीदार म्हणून नवऱ्यानं केली, आणि मान्य करायला हवं, त्याची सही तिच्यापेक्षा ठळक आली.

पाहुण्यानं कागदाची घडी करून खिशात ठेवली. तिच्या जिवात जीव आला. सुटलो बाई एकदाचे!

"मग आता क्लेम मिळेल ना?" तिनं विचारलं.

"ते कंपनी बघेल."

"म्हणजे? तुम्ही कंपनीचेच ना?"

"नाही. मी पोलीस ठाण्यातून आलोय." त्यानं ओळखपत्र काढून तिच्यासमोर धरलं. "कंपनीला फोटो बघून संशय आला, त्यांनी फाईल आमच्याकडे पाठवली. त्या वळणावर खांब नाही, बाई. सायकलवरून एक म्हातारे गृहस्थ चालले होते. चार आठवडे बेशुद्ध होते. आज सकाळी गेले."

भीती काय असते ते तिला इतके दिवस कळलंच नव्हतं. ती नवऱ्याकडे वळली. तो आता तोंड उघडेल, दुसऱ्या क्षणाला उघडेल, म्हणून ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "सांगा ना यांना."

नवरा पुढे आला. पाहुण्याशेजारची खुर्ची ओढून बसला. त्यानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा घातला.

"काय सांगू, साहेब," तो म्हणाला, "हिला मी हजारदा सांगितलं असेल, गाडी जरा हळू चालवत जा म्हणून."