तीन लिटर

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंसमोर ती बसली होती खरी, पण अर्धी खुर्चीत, अर्धी दारात. क्रीमच्या काउंटरवर उभं राहायची नोकरी, आणि साहेबांनी तोंडावर सांगितलेलं, "आठवड्यात चेहरा सुधारला नाही, तर तिथे दुसरी उभी करीन."

"मलमानं काही होणार नाही, बाई. फळं खा. आणि पाणी किती पिता?"

"सकाळी एक ग्लास. मग एकदम घरी गेल्यावर."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: पाणी, रोज तीन लिटर.

पर्सचा बंद पिळत ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली.



"मॅडम, याच्याच खाली साहेबांसाठी एक ओळ लिहाल? हिला बाथरूमला जाऊ द्यावं, म्हणून."