पुराव्याचा रकाना

"बाई, खरं सांगा. इथे कोणी राहतं का?" घरपट्टीच्या तपासनिसाने कोऱ्या भिंतींवरून नजर फिरवत विचारलं.

शिडी पदर सावरत पुढे आली. लहानपणी उंचीमुळे पडलेलं हे नाव साठी उलटली तरी तिला चिकटून होतं.

"म्हणजे काय! मी राहते. अडतीस वर्षं झाली."

पण घरच तिची बाजू घेईना. तपासणीचं पत्र आलं आणि शेजारी राहणाऱ्या धाकट्या जावेने बाह्या सरसावल्या. "साहेब यायचेत, घर कसं आरशासारखं हवं!" गाठोडी, औषधांच्या बाटल्या, खुंटीवरचे कपडे, सगळं जावेच्या माळ्यावर गेलं. भिंतींना रंग लागला. आता ते घर विकायला काढल्यासारखं दिसत होतं.

त्यात विजेचं बिल. "सहा महिने मीटर हललेला नाही," तपासनीस म्हणाला.

"मुलीच्या बाळंतपणाला गेले होते हो. बाळ अशक्त निघालं, मग अडकले तिकडेच."

"घराला कुलूप लावून मुलीकडे राहायचं आणि तपासणीपुरतं येऊन दार उघडायचं. असे पुष्कळ पाहिलेत मी."

"मी सांगते ना, साहेब!" दारातून जाऊ म्हणाली.

"तुम्ही घरच्याच. तुमची साक्ष चालत नाही."

मालक स्वतः राहत असेल तरच निम्मी पट्टी माफ होती, आणि उरलेली वर्षाला ठरावीक टक्क्यांपलीकडे वाढत नसे. ती सवलत गेली की आजच्या बाजारभावाने आकारणी. आजूबाजूला दुकानं उभी राहून जागेचे भाव चढले होते. पट्टी पाचपट झाली असती. शिडीला नवऱ्यामागे मिळणाऱ्या पेन्शनीत ते बसणारं नव्हतं. घर विकावंच लागलं असतं. तिने मनातल्या मनात देवाला हाक मारली.

"आतली खोली बघून घेतो," म्हणत तपासनीस स्वयंपाकघराकडे वळला आणि खाडकन आवाज झाला. कपाळ धरून तो मटकन खाली बसला.

"अगंबाई! लागलं का हो?" शिडी धावली. आत जाऊन पाणी आणलं. पुन्हा जाऊन ओलं फडकं. मग वाटीत बर्फ. तोंडाचा पट्टा चालूच. "मेली ती चौकट! सुताराला तेव्हाच म्हटलं होतं, ठेंगणी झाली म्हणून. माझ्या लेकीकडे दारं ही एवढी उंच, तरी मी वाकतेच. जावई हसतात, म्हणतात, आई, कोणाला नमस्कार करता?"

तपासनीस बर्फ कपाळाला लावून तिच्याकडे बघत राहिला. बाई त्याच्याहून चांगली चार बोटं उंच होती.

"बाई, हा पेला जरा आत ठेवून येता?"

ती बोलत बोलत गेली, बोलत बोलत आली. मान आपोआप झुकली, आपोआप वर झाली. चौकटीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

तपासनिसाने कागद गुडघ्यावर घेतला. 'मालकीण याच घरात राहते' यापुढे खूण केली. सवलत चालू ठेवली. मग कपाळावरचं टेंगूळ चाचपत पुराव्याच्या रकान्यात लिहिलं :

'स्वयंपाकघराची चौकट. मला लागली, त्यांना लागत नाही.'