एकच तांबडा दिवा

सातवीच्या वर्गाचं दार सगळ्यांना धडा समजल्याशिवाय उघडत नसे. कोणाला किती समजलंय हे बाकच ओळखायचे, आणि समजलं की बाकावरचा दिवा हिरवा व्हायचा. आज एकट्या सुरंगी गावडेचा दिवा तांबडा होता, आणि मैदानावर खो-खोच्या अंतिम सामन्याची शिट्टी कधीही वाजणार होती.

"अगं, समजून घे ना एकदाचं!" कप्तान तेजल दारापाशी पाय आपटत म्हणाली. "ऋण गुणिले ऋण बरोबर धन. झालं!"

"पण का?"

"नियम आहे, बाळा," केळुसकर बाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या.

"बाई, दोन खड्डे शेजारी शेजारी खणले तर टेकडी होते का?"

वर्ग खो खो हसला आणि मग तोही खड्ड्यांचा विचार करू लागला. पहिल्या बाकाचा दिवा तांबडा झाला, मग त्यामागचा. बघता बघता अख्खा वर्ग गुलमोहरासारखा पेटला. तेजलने धावत जाऊन आपला दिवा ओढणीने झाकला, पण तो ओढणीतूनही तांबडाच दिसला.

"बाई, पटकन सांगा ना, का ते!" ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

बाई खडू उचलून फळ्याकडे वळल्या. त्यांच्या टेबलाच्या कडेला काहीतरी तांबडं चमकू लागलं. तिथेही एक दिवा आहे, हे वर्गाला तेव्हा पहिल्यांदा कळलं.