उघडा राहिलेला नळ

नाश्त्याच्या थांब्यावर सगळे उतरून गेले. मग गुरम्माने सीटवरच मांडी घातली, बाटलीतल्या थेंबभर पाण्याने डावा तळवा ओला केला आणि गळ्यातली चांदीची डबी उघडली.

डबीत इष्टलिंग नव्हतं.

तिने डबी पालथी केली, ओढणी झटकली, सीटखाली वाकून पाहिलं. मग वाकल्या जागीच थांबली. आठवलं.

पहाटे ह्युए शहरातल्या होस्टेलात खोलीतल्या पोरी झोपलेल्या होत्या, म्हणून ती न्हाणीघरातच पूजेला उभी राहिली. लिंग तळव्यावर घेतलं, भस्म लावलं. पाणी घालणार, तोच पलीकडच्या मोरीत कुणीतरी उघडा टाकून गेलेला नळ कानावर आला. भळाभळा. टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या मुखेडच्या बाईला तो आवाज ऐकून उभं राहवतंय कुठलं? तिने लिंग फडक्यात गुंडाळून आरशाखालच्या फळीवर ठेवलं आणि आधी नळ बंद करायला धावली. तेवढ्यात खाली बसचा हॉर्न, दारावर थापा. पाठीवरची बॅग, चपला, जिना. पूजा वाटेत पुरी करू, असं जिना उतरताना ती मनाशी म्हणाली होती. रिकामी डबी मिटून गळ्यात, आणि ते ध्यानातच नाही.

लिंगावरचं पाणी तोंडात पडल्याशिवाय चहासुद्धा नाही, हा तिचा नेम. आणि लिंगच अंगावेगळं झालं, तर पाण्याचा घोटही नाही. अशी वेळ आजवर कधी आली नव्हती.

गुरम्मा टेकून बसली. गुडघे ठणकत होते. या देशात उतरल्यापासून रोज नवी बस, रोज नवा पलंग, तोही वरचा. मुखेडच्या शाळेत जन्मभर नकाशावर छडी ठेवून जग दाखवलं. प्रत्यक्षात ते इतकं खांद्याला टोचेल असं वाटलं नव्हतं.

‘मॅडम, खाली चला. गरम सूप आहे,’ गाईड लान दारातून म्हणाली. चाळिशीची, उन्हाने रापलेली बाई. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून छान जुळलं होतं.

‘मला मागे जायचंय. होस्टेलला.’

‘पासपोर्ट राहिला?’

‘नाही.’

‘मोबाइल?’

मोबाइल गुरम्माच्या हातातच वाजला. मुखेडहून थोरली जाऊ, रत्नम्मा.

‘उठलीस का गं? टँकर आज बी आला न्हाई बघ. हे गेलेत मोर्चाला. मुखेड नव्या उदगीर जिल्ह्यात जाणार म्हणून राहिलेत.’

‘मग बरंच की, अक्का.’

‘काय बरं? आता नांदेडचा टँकर येईना, मग उदगीरचा येणार न्हाई. तेवढाच फरक.’ रत्नम्मा स्वतःच हसली आणि खोकली. ‘तुला काय, नळाखाली बसून राहिली असशील. आवाज का असा?’

‘थकले जरा.’

‘एकटी जा म्हणलं होतं का कुणी? पूजा झाली?’

गुरम्माने डबीचं झाकण हळूच मिटलं.

‘व्हायचीय.’

‘करून घे मग. तुझ्या नेमावर आमचं बी चालून राहिलंय इथं.’

फोन ठेवल्यावर लान अजून दारातच होती. ‘मग काय राहिलं, मॅडम?’

‘देव राहिला माझा. न्हाणीघरात. आरशाखाली.’

लान हसली नाही. ड्रायव्हरच्या काचेपुढे छोटा बुद्ध चिकटवलेला होता, त्याच्यापुढचं फूल सकाळी तिनेच ठेवलं होतं. तिकडे एकदा पाहून तिने होस्टेलला फोन लावला.

बोलणं काही केल्या संपेना. माणसं तोंड पुसत परत येऊन बसली. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. गुरम्माचे ओठ कोरडे पडले होते. बॅगेच्या दोन्ही बाजूंना भरलेल्या बाटल्या होत्या; नळ दिसला की बाटली भरायची, ही खोड परदेशातही गेली नव्हती. तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

‘काळं, गुळगुळीत? लाल फडक्यात?’ लानने फोनवर हात ठेवून विचारलं.

‘हो.’

‘साफसफाईच्या बाईला सापडलं. आधी तिला दगड वाटला. मग फडक्याची घडी पाहिली. म्हणाली, हे कुणीतरी जपलेलं आहे.’

लानच्या मोबाइलवर फोटो आला. होस्टेलच्या दाराशी, जमिनीलगत, तांबडं देवघर. तिथल्या दुकानादुकानांत असतं तसं. आत पोट सुटलेला, हसरा देव. संत्री, उदबत्ती. आणि त्याला जरा सरकवून शेजारी, लाल फडक्यावर, गुरम्माचं लिंग. परक्या हाताने ठेवलेलं, परक्या देवाशेजारी. पुढ्यात चिनीमातीची इवलीशी वाटी. पाण्याने भरलेली.

गुरम्माने फोटो बोटांनी मोठा केला. आधी लिंग पाहिलं. मग कितीतरी वेळ वाटीच पाहत राहिली.

‘ती विचारतेय,’ लान म्हणाली, ‘पाणी संध्याकाळी फेकून ताजं भरलं तर चालेल ना? आमच्यात तसं करतात.’

‘फेकू नका म्हणावं.’ गुरम्मा उठली, बॅग पाठीला लावली. ‘मी येतेय. तेच पिणार आहे.’

ती रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहिली. तिची बस पुढे निघून गेली, धूळ खाली बसली. मागे जाणारी गाडी अजून दिसत नव्हती. तिने नुसता पाय बदलला, तरी पाठीवरच्या बाटल्यांतलं पाणी डुचमळत होतं.