पाच सेकंदांत एक फेरी

“आता स्पिन निवडा, ताई. हं, तेच. फिरली की नाही?”

प्रतिभाताईंच्या पडद्यावरची पृथ्वी एक फेरी मारून थांबली. चोवीस वर्षं थर्माकोलच्या गोळ्यात विणायची सुई खुपसून दिवस-रात्र कशी होते ते शिकवत आलेल्या बाईला हे सगळं मनाली शिकवत होती. जूनमध्ये सटाण्याहून शाळेत शिकवायला आलेली, सव्वीस वर्षांची पोर!

“आता ती थांबू नये म्हणून इफेक्ट ऑप्शन्स उघडा. रिपीटमध्ये ‘स्लाइड संपेपर्यंत’ करा. वेळ पाच सेकंद.”

“आणि हे अंश कसले?”

“किती फिरवायचं ते. तीनशे साठ म्हणजे पूर्ण फेरी. तिथेच दिशा असते, पण ती राहू द्या. आपोआपच येते.”

पृथ्वी गुमान फिरू लागली, देवाला प्रदक्षिणा घालावी तशी. प्रतिभाताईंना तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

जिल्ह्याच्या डिजिटल पाठ स्पर्धेला यंदा सगळ्यांना एकच विषय होता, दिवस आणि रात्र. चित्रही एकच दिलेलं. वरून पाहिलेली पृथ्वी, उत्तर ध्रुव मधोमध. प्रतिभाताई या स्पर्धेत तीनदा दुसऱ्या आल्या होत्या. पन्नाशीनंतर भाग घेता येत नसे आणि मार्चमध्ये त्यांची पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. पहिला नंबर आला तर यंदा, नाहीतर राम म्हणा.

आणि नेमकी यंदाच ही मनाली! मधल्या सुट्टीत पोरी तिच्याभोवती. दर सणाला “प्रतिभाबाई, फळा तुमच्याच हातचा हवा” म्हणणारे मुख्याध्यापक नवनाथ सर आता “मनाली मॅडमना स्लाइड करू द्या” म्हणायचे. रंगीत खडूंचा डबा दिवाळीपासून उघडलेला नव्हता. नव्याचे नऊ दिवस म्हणून प्रतिभाताईंनी वाट पाहिली. नऊ झाले, नव्वद झाले. जळायचं तरी किती माणसानं?

शनिवारी शाळा सुटताना मनालीनं त्यांच्या हातात पेनड्राइव्ह ठेवला.

“ताई, माझ्या फाइलचं शुद्धलेखन तेवढं बघाल? ऱ्हस्व-दीर्घाच्या नावानं आपला आनंदच आहे.”

“ठेव. बघते.”

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर त्यांनी फाइल उघडली आणि बघतच राहिल्या. पृथ्वी फिरत होती, तिच्यासोबत गोदाघाट उजळत होता, घराघरांतले दिवे एकेक करून मालवत होते. प्रतिभाताईंच्या स्लाइडवर एक पृथ्वी होती आणि कोपऱ्यात हसरा सूर्य. गेला पहिला नंबर. आयुष्यभराचा गेला.

त्यांनी आधी इमानानं शुद्धलेखन केलं. ‘पुर्व’चा ‘पूर्व’ केला, ‘सुर्य’चा ‘सूर्य’. मग पृथ्वीवर क्लिक केलं. दिशा. पहिल्या ओळीपुढे खूण होती, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. त्यांनी दुसरी ओळ निवडली.

पृथ्वी उलटी फिरू लागली. पोरीनं घाईत घोळ घातला, असंच कुणीही म्हणेल. फाइल सेव्ह करून त्यांनी चहा टाकला. चहा चांगला झाला.

“दोन-तीन चुका होत्या गं,” सोमवारी त्या म्हणाल्या. “दुरुस्त केल्यात.”

“देवासारख्या आहात, ताई.” शेवटची तारीख होती. मनालीनं उघडूनही न बघता पेनड्राइव्ह नवनाथ सरांच्या हवाली केला.

निकालाच्या दिवशी सभागृहात दोघी शेजारी बसल्या. आधी प्रतिभाताईंची पृथ्वी आली. टाळ्या बऱ्या पडल्या. मग मनालीची. मनाली ताठ झाली.

“अगंबाई! ताई, ही उलटी कशी फिरतेय?”

“असू दे गं. होतं कधीकधी.” प्रतिभाताईंनी तिच्या हातावर थोपटलं.

परीक्षक होते झुंबर आहेर, भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक. कागद न बघता ते बोलायला लागले.

“छत्तीस पाठ पाहिले. पस्तीस जणांनी पृथ्वी घड्याळाच्या काट्यांसारखी फिरवली. मशिननं दिली तशी घेतली. अहो, उत्तर ध्रुवावरून पाहिलं तर पृथ्वी काट्यांच्या उलट फिरते! तुमच्या पृथ्वीवर सूर्य आधी मुंबईत उगवतो अन् मग नाशिकला. पोरांना हे शिकवणार?”

सभागृहात हशा पिकला. प्रतिभाताईंना हसू येईना.

“पैकीच्या पैकी गुण होते, तरी दिशा चुकली म्हणून काही पाठ मी बाजूला ठेवले. एकच पृथ्वी बरोबर फिरत होती. पहिला क्रमांक, मनाली अहिरे.”

मनाली स्टेजवर गेली. बक्षीस न घेता तिनं आधी माइक घेतला.

“सर, खरं सांगते. माझीही पृथ्वी चुकीचीच फिरत होती. माझी फाइल आमच्या प्रतिभाताईंनी तपासली. ही चूक त्यांनी दुरुस्त केली आणि मला सांगितलंसुद्धा नाही.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. आहेर सरांनी स्टेजवरून हात जोडले. नवनाथ सर उभे राहिले, मग सगळं सभागृह उभं राहिलं. चोवीस वर्षांत प्रतिभाताईंसाठी एवढ्या टाळ्या कधी वाजल्या नव्हत्या.

मनाली खाली आली, त्यांच्या पाया पडली. तिचे डोळे भरून आले होते. टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली आणि मग फक्त त्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली,

“ताई, दिशा तुम्हाला माहीत होती. मग स्वतःची पृथ्वी तशीच का ठेवलीत? माझा नंबर यावा म्हणून ना?”