हिरवी शेवंती

"बाबा, टोचतंय! जरा वर लाव ना."

वेंडेल कुबेनाने पिन काढून पुन्हा लावली. कापडाची ती शेवंती जेवणाच्या ताटाएवढी होती आणि तिच्या हिरव्या रिबिनी मार्सीच्या गुडघ्यांखाली लोंबत होत्या. संध्याकाळी होमकमिंगची, म्हणजे माजी विद्यार्थ्यांना शाळेत बोलावून दरवर्षी होणारी फुटबॉलची मॅच होती. त्या दिवशी टेक्सासमधल्या मुली अशी शेवंती छातीवर लावून शाळेत जातात. बहुतेकींच्या आया ती घरी करतात. मार्सीची वेंडेलने केली होती.

"जत्रेत पहिला आलेला बैल दिसतेय मी," मार्सी म्हणाली.

"मग तशीच ऐटीत चाल."

शाळेपुढची गाड्यांची रांग सरकली. त्यांच्या पिकअप ट्रकमधून आता शाळेच्या पायऱ्या दिसू लागल्या. मार्सीच्या वर्गातल्या मुली तिथे फोटोसाठी जमत होत्या. एकीची शेवंती पांढरी होती, रिबिनी पांढऱ्या आणि चंदेरी. दुसरीचीही तशीच. वेंडेलने एकेक करून सगळ्यांच्या पाहिल्या.

"ह्या सगळ्यांचं पांढरं कसं?"

"शेवटच्या वर्षाला पांढरंच असतं, बाबा. हिरवं खालच्या वर्गांना."

शाळेचा रंग हिरवा, एवढंच त्याला ठाऊक होतं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"अगं, मग मला सांगायचं नाही का?"

मार्सीने दप्तर उचललं. "तू करताना शीळ घालत होतास. आई गेल्यापासून पहिल्यांदाच."

"दे ती इकडे. घरी विसरले म्हणून सांग."

"गप रे," ती म्हणाली आणि उतरली.

ती पायऱ्या चढून मैत्रिणींशेजारी उभी राहिली. फोटोग्राफर बाहेरगावचा होता. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला.

"ए हिरवी! तू खाली ये. आधी फक्त शेवटचं वर्ष."

"अहो, ही आमच्यातलीच..." एक मुलगी बोलू लागली. मार्सीने तिचा दंड दाबला. मग पिकअपकडे एकदा पाहिलं आणि पायऱ्या उतरली.

वेंडेलने दार उघडून एक पाय खाली टेकला. मार्सीने तिथूनच मान हलवली. नको.

मागून हॉर्न वाजला. शाळेच्या दारावर गाड्या पुढे काढायला उभे असलेले कोच रुईझ बॉनेटवर थाप मारत आले.

"वेंडेल, काढ की गाडी. रांग पार हायवेला लागलीय."

"ती शेवटच्या वर्षाला आहे," वेंडेल म्हणाला.

"कोण, मार्सी? मला सांगतोस? रोज माझ्याच तासाला बसते ती. चल, निघ आता."

वेंडेलने पाय आत घेतला, दार लावलं. गाडी पुढे गेली. काच खाली होती आणि आरशात पायऱ्या दिसत होत्या. वरच्या मुली एकमेकींना खेटून हसत होत्या आणि त्यांच्या रिबिनींना बांधलेली घुंगरं वाजत होती. मार्सी खाली नववीच्या पोरींमध्ये उभी होती, सगळ्यांपेक्षा उंच. आपली घुंगरं तिने मुठीत घट्ट धरून ठेवली होती.