वाटीतला दाणा

सकाळी इन्सुलिन टोचलं की चुन्नीलाल खूण म्हणून वाटीत धानाचा एक दाणा टाकत आणि रात्री काढून घेत. पद्धत चोख होती, फक्त कोंबडीला विचारलेलं नव्हतं. आज दाणा तिनं टिपला. रिकामी वाटी पाहून त्यांनी पुन्हा सुई टोचली. “काऊन जी, चहाआधी टोचली होती ना?” म्हणत बायकोनं फोन लावला. फोनवर डॉक्टरांनी सांगितलं, “साखरपाणी पाजा, दवाखान्यात आणा, बोलतं ठेवा, बोलणं बिघडलं तर धोका.” ऑटोत ती विचारत राहिली, “मी कोन आहो?” “तलाठी.” “आता कोन आहो?” “तलाठ्याची सासू.” रोजचीच टोपणनावं ऐकून तिला हायसं वाटलं, माणूस ठिकाणावर होता. तिरोड्याचं रेल्वेफाटक बंद मिळालं. तिनं पुन्हा विचारलं. घाम पुसत ते मवाळपणे म्हणाले, “राजकुमारी.” नाव तिचंच होतं, पण चाळीस वर्षांत त्यांनी तिला नावानं हाक मारली नव्हती. तिनं सोबत आणलेली साखरेची पुडी फाडली.